मुकी दुपार

"वाली बुधाजी, सुग्रीव उल्हास, तारा शिरी, राम बाबलो," मालकांनी पानाचा विडा गालात सरकवला. "कथा सगळ्यांका म्हायत आसा. जास्त लांबड लावू नका. दिवेलागणीक वालीन मराक व्हया, मागना मंडळाची बक्षिसां वाटूची आसत."

झाली तालीम. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. सकाळी मालक कथा आणि पात्रं सांगणार, बाकी रंगमंचावर ज्याचं त्याने आयत्या वेळी बोलायचं. आमच्या कंपनीत मात्र एक जास्तीचा नेम होता, मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला. कथा सांगून झाली की तोंडाला रंग लावेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. देवळात, झाडाखाली, पाणवठ्यावर, मिळेल तिथे एकट्याने बसायचं. मालक त्याला मुकी दुपार म्हणायचे. "तोंड बंद ठेवल्याशिवाय शब्द साठत नाय," असं त्यांचं म्हणणं.

मी श्रीधर गावडे, कंपनीतली स्त्रीपार्टी. तारा, सीता, द्रौपदी, मंदोदरी, कथेत जी कोणी रडणारी असेल ती मी. दाढी निबर, पण आवाज देवाने बरा दिला.

त्या दिवशीचा खेळ देवळापुढे नव्हता, तालुक्याच्या गावातल्या एका मंडळाने सभागृहात ठेवला होता. आम्ही उठणार तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी आत आला. कडक इस्त्रीचा तरुण मुलगा, हातात मोबाईल.

"मालक, त्या व्हिडीओतला डायलॉग मात्र पाहिजेच हां. लोक त्याच्यासाठी येतायत."

"बघूया," मालक म्हणाले.

"बघूया नाही. आम्ही जाहिरातीत टाकलंय."

मी बुधाजीदादाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता. शेजारी धाकटा भाऊ उल्हास, कानात वायरी घालून. दोघांच्या मध्ये एक माणूस सहज बसला असता एवढी जागा होती. महिन्यापूर्वी ती नसायची.

तो व्हिडीओ म्हणजे काय, ते सांगायला हवं. महिन्यापूर्वी एका जत्रेत हाच खेळ लावला होता. बुधाजी राऊळ म्हणजे कंपनीची राजपार्टी. त्याने मुकुट चढवला की समोरच्या म्हाताऱ्या पदर सावरायच्या. त्या खेळात वाली सुग्रीवाला ललकारत असताना बुधाजीदादा मध्येच अडकला. तोंड उघडं राहिलं आणि शब्द येईना. मृदंगवाल्याने दोन-चार थापा मारून वेळ काढला, तरी येईना. तेव्हा उल्हास पुढे सरकला आणि म्हणाला, "दादा, किष्किंधेच्या राजाचे शब्द संपले? मग राज्य कशाच्या बळावर चालवतोस?"

टाळ्यांचा पाऊस पडला. एक अडकला की दुसऱ्याने ओढून बाहेर काढायचा, हा आमचा धर्मच. उल्हासने तेच केलं. म्हणताना त्याचा आवाज भावाच्या काळजीने कापत होता, तो मी शेजारी उभा राहून ऐकला. पण प्रेक्षकांत कोणी तरी ते टिपलं आणि नेमका तेवढाच तुकडा काढला: बुधाजीदादाचं उघडं तोंड, भावाचा टोमणा, लोकांचं हसणं. शेवटी कोणा कलावंताने गाढवाचं ओरडणं जोडलं. आठवडाभरात तो सगळ्या जिल्ह्याने पाहिला.

राऊळांच्या घरी त्यानंतर एका ताटात जेवणारे दोघे वेगवेगळ्या वेळी जेवू लागले. बुधाजीदादाने मनाशी धरलं, की उल्हासने सगळ्यांदेखत आपल्याला उतरवलं, आणि मुद्दाम उतरवलं.

तर मालकांनी हात जोडले आणि मुकी दुपार सुरू झाली. मी सभागृहाच्या मागे गेलो. काजूची झाडं होती, खाली पडलेल्या बोंडांचा आंबूस वास सुटला होता.

पूर्वीची मुकी दुपार बघायची तर बुधाजीदादाची बघावी. एकदा एका गावात तो दुपारभर एका बाईला बघत बसला होता. ती वाळवण राखत होती आणि पाच कोंबड्या पुन्हा पुन्हा येत होत्या. आम्हाला वाटलं, याला ऊन लागलं. त्या खेळात तो दुर्योधन होता. श्रीकृष्ण पाच गावं मागायला आला, तर हा सिंहासनाच्या बाकड्यावर रेलून म्हणतो, "कृष्णा, वाळवणावर पाच कोंबड्या आल्या तर बाई काय करते? कोणतीने किती दाणे खाल्ले याचा हिशेब करते, की काठी घेते?" माणसं हसता हसता गप्प झाली होती. कोंबड्यांवरून एवढं सुचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग दादाला त्याच्या मुलाने गोव्याहून मोबाईल आणून दिला. मुक्या दुपारी बोलायचं नाही असा नेम होता, बघायचं नाही असा नव्हता. त्यामुळे नेम कोणी मोडला नाही. सगळे गप्पच बसायचे, पूर्वीपेक्षा जास्त गप्प. आधी दादा भजनं ऐकायचा, मग कुस्त्या बघायचा, मग समोर येईल ते. त्याला आता कधीच कंटाळा यायचा नाही. रंगमंचावर तो गेल्या वर्षीचंच बोलायला लागला, आणि एक दिवस तेही संपलं.

मी काही शहाणा म्हणून वाचलो नाही. पाणी शेंदताना माझा मोबाईल विहिरीत पडला होता, आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती. पहिले काही दिवस तर हात नुसता खिशात जाऊन परत यायचा. दुपार खायला उठायची. मुंग्या बघितल्या, कौलं मोजली, स्वतःच्या पायाची बोटं बघून कंटाळलो. मग त्या कंटाळ्याच्या पलीकडे कुठे तरी काही तरी हलायला लागलं. मंदोदरी भाजीत मीठ जास्त पडलं तर रावणाला काय सांगत असेल, असले उद्योग डोकं आपसूक करू लागलं.

त्या दुपारी सभागृहाच्या कौलांवर दोन माकडं होती. थोराड होतं ते धाकट्याच्या डोक्यातल्या उवा काढत होतं. धाकटं त्याच्या मांडीवर मान टाकून पडलेलं. मी पाहत राहिलो. किष्किंधेत तरी दुसरं काय असणार, असं वाटून हसूही आलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "राजाचे शब्द संपले?" मग टाळ्या, मग गाढव.

थोडी शांतता. पुन्हा, "राजाचे शब्द संपले?" टाळ्या, गाढव.

मी कोपऱ्यावरून डोकावलो. बुधाजीदादा पायरीवर बसला होता. मोबाईल तोंडाजवळ धरलेला, डोळे लाल. तुकडा संपला की अंगठा हलायचा आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. उन्हाने पायरी तापली होती, त्याचं त्याला भान नव्हतं. मला भीती वाटली. एखाद्याला राग आला की तो बोलतो, भांडतो, निदान कोणाच्या आईचा उद्धार करतो. हा नुसता बघत होता. ते माकडांचं चित्र डोक्यात ठेवून मी मागे फिरलो, पण नंतर गाढवाचं ओरडणं किती वेळा ऐकलं, ते सांगता यायचं नाही.

रंगायला बसलो. एका डोळ्याला काजळ घालून झालं होतं, दुसरा कोरा होता, तेव्हा मागे कुलूप वाजलं. बुधाजीदादाने पेटारा उघडला होता. पेटारा म्हणजे आमचा देव. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, मुकुट आणि हत्यारं असतात. त्याची पूजा दादा करायचा म्हणून चावी त्याच्याच कमरेला असायची.

खेळातली गदा पत्र्याची, आतून पोकळ. पोरगंही ती काडीसारखी फिरवील. पण पेटाऱ्याच्या तळाशी एक जुनी गदा आहे, मालकांच्या आजोबांच्या वेळची, भरीव खैराची. तिला दसऱ्याला फूल वाहतात. रंगमंचावर ती कधी नेत नाहीत, कारण फार पूर्वी तिच्या घावाने एकाचा खांदा कायमचा गेला होता.

दादाने वरची पत्र्याची गदा उचलून बाजूला ठेवली आणि खालची काढली. पंच्याने पुसली.

"दादा," मी हळूच म्हटलं, "ही?"

"आज हीच."

"अरे, पण ती..."

"शिरी, डोळो पुरो कर."

तो माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मी तसाच एका डोळ्याने उल्हासला शोधायला धावलो. तो खिडकीत बसला होता. रंग पूर्ण, मुकुट डोक्यावर, कानात वायरी, समोर कसलासा क्रिकेटचा सामना.

"उल्हास, आज ता वाक्य बोला नको. दादान खैराची गदा घेतल्यान हा."

"व्हय, व्हय," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"आयकतंस काय?"

"व्हय रे. बोलतंय ता वाक्य."

मी त्याच्या कानातली वायर ओढणार, तर सेक्रेटरी आला. "सुग्रीव, चला, तुमची एंट्री प्रेक्षकांतून आहे, मागच्या दारी उभं राहायचं." आणि त्याला घेऊन गेला. मालकांना सांगावं म्हणून वळलो, तर ते पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी बसवलेले, गळ्यात हार. गणपतीची आरती सुरू झाली होती. आरती झाल्यावर खेळ थांबवत नाहीत. आणि थांबवून सांगणार काय होतो? की कंपनीचा थोरला नट आपल्या सख्ख्या भावाला मारणार आहे? पुरावा काय, तर एक गदा. लोक म्हणाले असते, ताराबाईंचं डोकं फिरलं.

दुसऱ्या डोळ्यात कसंबसं काजळ ओढलं आणि मी जाऊन वालीच्या बाकड्याशेजारी उभा राहिलो. गदा त्याच्या गुडघ्यांना टेकून उभी होती. लोकांना ती कोणत्याही गदेसारखीच दिसत असणार.

मागून ललकारी आली. उल्हास प्रेक्षकांतून नाचत आला. सगळ्यांनी मोबाईल वर केले. एवढी माणसं समोर बसलेली, पण मला एकाचाही चेहरा दिसेना. हातांवर नुसते उजळ चौकोन.

उल्हास समोर येऊन उभा राहिला. सेक्रेटरीने पहिल्या रांगेतून हात हलवला.

"दादा, किष्किंधेच्या राजाचे शब्द संपले? मग राज्य कशाच्या बळावर चालवतोस?"

तेच शब्द, तीच मान वाकडी करण्याची ढब. व्हिडीओ बघून पाठ केलं होतं त्याने. पहिल्या वेळी आवाजात होती ती काळजी आता नव्हती, कारण ती व्हिडीओत ऐकू येत नव्हती. टाळ्या अशा पडल्या की कौलं हलली.

बुधाजीदादा उठला. आता वालीने उत्तर द्यायचं. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. काहीच आलं नाही. मृदंगवाला थापा मारत राहिला. लोकांत खसखस पिकली, कोणी तरी मागून गाढवासारखं ओरडलं.

दादाने तोंड मिटलं आणि गदा दोन्ही हातांनी उचलली. मानेची शीर टरारून फुगली. पत्र्याची गदा उचलताना ती कधी फुगत नाही.

मी त्याच्या पायांवर पडलो, गुडघ्यांना मिठी मारली. "नाथ, जाऊ नका! मला वाईट स्वप्न पडलं. महालावर घारी फिरताहेत." तारेचं हे नेहमीचं बोलणं. बुधाजीदादाने ते माझ्या तोंडून जन्मभर ऐकलं होतं. त्याने गुडघ्याने मला बाजूला सारलं, अगदी सहज, वाटेतली खुर्ची सारावी तसं. उल्हास छाती पुढे काढून हसत उभा होता, पुढच्या टाळीची वाट बघत. मध्ये चार पावलं उरली असतील.

"नाथ," मी ओरडलो, "आज दुपारी मी महालाच्या छपरावर दोन वानरं पाहिली!"

हे कथेत कुठेच नव्हतं. तो थबकला. मी उठलो आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. पुढे काय बोलणार, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"थोरलं वानर धाकट्याच्या डोक्यातल्या उवा काढत होतं. धाकटं त्याच्या मांडीवर मान टाकून झोपलं होतं. नाथ, त्या थोरल्याच्या पंजात बळ होतं. मनात आणतं तर मान मुरगळून टाकतं. धाकट्याला ते माहीत होतं. तरी ते झोपलं होतं, नाथ. डोळे मिटून झोपलं होतं." माझा आवाज फाटला, तो मी सावरला नाही. "तुमच्या मांडीवर कोणी कधी असं झोपलं होतं का हो?"

खसखस थांबली. दादा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. मी मागे वळलो नाही, पण उल्हासचं हसणं बंद पडलेलं मला त्याच्या श्वासावरून कळलं.

"जायचंच असेल तर जा," मी हात पुढे केले. "तुम्ही राजे, तुम्हाला मी कोण अडवणार? पण भावाशी लढायला भावाचे हात पुरे. ही गदा मला द्या."

किती वेळ गेला कोण जाणे, मृदंगवालासुद्धा हात वर धरून बसला होता. मग गदा खाली आली, माझ्या हातांवर. मी दोन्ही हातांनी घेतली तरी खांद्यापर्यंत कळ गेली. ती छातीशी धरून मी मागे सरकलो आणि बाकड्याआड ठेवली.

दादाने उल्हासला नुसत्या हातांनी धरलं. मान काखेत घेतली. माझा जीव पुन्हा टांगणीला. उल्हासचा मुकुट निसटून पडला, आणि दादाची बोटं त्याच्या केसांत शिरली. तिथेच थांबली. मग हळूहळू हलायला लागली, मागून पुढे, चाचपत. उल्हास त्याच्या छातीवर तोंड दाबून रडत होता. प्रेक्षकांना वाटलं, झुंज चाललीय. बाबल्याने पडद्याआडून बाण सोडला आणि वाली पडला. मरतानाचं वालीचं भाषण म्हणजे दादाचा हुकमी एक्का. त्या दिवशी तो एक अक्षर न बोलता मेला.

"शेवट जरा ढिला पडला," सेक्रेटरी मालकांना म्हणाला.

आम्ही मागे काजूखाली खोबरेल लावून रंग पुसत होतो. दादा माझ्या शेजारी येऊन बसला.

"उवांचां तुका कोणी सांगल्यान?"

"काय?"

"आवस मेली तेव्हा ह्यो चार वर्सांचो. डोक्यात नुसत्यो उवा. पडवेत बसान मी काढी होतंय, आणि ह्यो मांडयेर झोपा." तो थांबला. "ह्यां आमच्या दोघांशिवाय कोणाक म्हायत नाय."

"माका पण नाय होतां, दादा. कौलार माकडां बघी होतंय. मोबाईल नाय ना माझ्याकडे."

त्याने बराच वेळ गालावरचा रंग पुसला. मग उद्याच्या एस.टी.ची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाला, "मी आज तेका मारतलंय होतंय, शिरी."

तो उठला, खैराची गदा पेटाऱ्यात ठेवली, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली.

यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण लोकांनी तेही टिपलं होतं. उवांचं बोलणं टोमण्यापेक्षाही जास्त पसरलं. बायाबापड्या बघून रडल्या म्हणे. लगेच दुसऱ्या गावचं बोलावणं आलं, हाच खेळ, आणि वर निरोप, की टोमणाही पाहिजे आणि उवाही पाहिजेत. मालकांनी होकार दिला. त्याच आठवड्यात माझ्या मेहुण्याने मुंबईहून मला मोबाईल पाठवला.

त्या गावी देवळाच्या सभामंडपात आम्ही उतरलो. मालकांनी कथा सांगितली, हात जोडले. मी खांबाला टेकून मोबाईल काढला आणि स्वतःचाच व्हिडीओ लावला. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. एका डोळ्यातलं काजळ ओघळलेलं, आवाज फाटलेला, खाली लोकांची वाहवा. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. समोरच्या पिंपळावर काही तरी सळसळत होतं, मी वर बघितलं नाही.

शेजारी कोणी तरी बसलं. बुधाजीदादा. त्याच्या हातात मोबाईल नव्हता. माझ्या खांद्यावरून तो माझ्या पडद्याकडे बघत राहिला. तुकडा संपला, माझा अंगठा हलला, तो पुन्हा सुरू झाला.

मुक्या दुपारी बोलायचं नाही, हा नेम त्याने उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. अगदी हळू, कानाशी येऊन म्हणाला,

"शिरी, ह्यां माका आता पाठ झालां. आज माका थांबवूचा नाय काय तुका?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. पेटाऱ्याची चावी त्याच्या बोटांत फिरत होती. पलीकडे उल्हास दीपमाळेच्या सावलीत हातावर डोकं ठेवून निर्धास्त झोपला होता.

मी मोबाईल बंद केला आणि पिंपळाकडे बघत बसलो.

याला आता बरीच वर्षं झाली. दादाचे केस पिकले, उल्हासला नातू झाला. दोघं पुन्हा एका ताटात जेवतात. वालीचा खेळ अजून लागतो, आणि उल्हास त्या वाक्यापाशी आला की दादा बाकड्यावरून उठून माझ्याकडे बघतो. त्याच्या हातात कोणती गदा आहे, ते मी आधी पाहून घेत नाही. पाहिलं तर माझं लक्ष तिच्यातच राहील. मी सबंध दुपार कुठे तरी नुसता बसून असतो, आणि त्या वेळी त्याला काही तरी नवीन सांगतो. आजवर सुचत आलंय.